पाचवी तार

झहूर शेठ दुकानात आले तेव्हा मी एका टेम्पोचा हॉर्न खोलून बसलो होतो. पावणे गावात रस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. शेठना काम असलं की ते माणूस पाठवायचे, स्वतः कधी यायचे नाहीत. मुक्ता गेल्यापासून तर त्यांचा माणूसही आला नव्हता.

मुक्ता माझी बायको. शेठच्या दगडखाणीवर कामाला होती. दसऱ्याची सुट्टी संपून खाण सुरू झाली त्याच दिवशी संध्याकाळी बाया ट्रॉलीत बसून घरी येत होत्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ड्रायव्हर पोपटनं वळायला ट्रॅक्टर हळू केला आणि मागून ट्रक येऊन आदळला. ट्रॉलीचा उजवा कोपरा चेपला. मुक्ता त्या कोपऱ्यात बसली होती. बाकीच्या बाया वाचल्या. दुर्गाबाईचा हात मोडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनंच मला सांगितलं, "भावजी, मागं दिवा नव्हता वो. तो ट्रकवाला सारखा तेच ओरडत होता."

मला रडू आलं नाही. मी तिला विचारलं, ट्रॅक्टर कोण चालवत होतं. कोण चालवतो ते मला माहीत होतं, तरी विचारलं.

त्यानंतर माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. मागं दिवा नव्हता. विहारात तिच्यासाठी वंदना झाली, तेव्हा मी चपला काढायच्या विसरलो. कुणीतरी वाकून माझ्या पायातून काढून घेतल्या. दुकानात एका जीपची बॅटरी उलटी जोडली, धंद्यात असं माझं कधी झालं नव्हतं. माणसं बोलायची आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. पण पोपटचं नाव निघालं की मी नीट जागा व्हायचो. आमच्याकडचे ड्रायव्हर बॅटरी वाचवायला दिवे लावत नाहीत, हे मी रोज बघतो. पोपटनंही तेच केलं, अशी माझी खात्री होती. तो मात्र पोलिसांना आणि कोर्टाला एकच सांगत होता, की स्विच चालू होता. त्याला आत टाकावं, त्याचं लायसन काढून घ्यावं, एवढंच मला हवं होतं. बाकी काही नको होतं.

"रावसाहेब, एक काम आहे," झहूर शेठ म्हणाले. मी स्टूल पुढं केलं, पण ते बसले नाहीत.

"बोला."

"ट्रॉलीची केबल जोडायची. त्या दिवशी तुटली ती. कोर्टानं सांगितलंय, पोलिसासमोर जोडून बघा, दिवा लागतो की नाही लागत."

मी हॉर्न खाली ठेवला. "मलाच कसं सांगता? तुर्भ्याला वायरमन काय कमी आहेत?"

"त्यातला कुणी आणला आणि दिवा नाही लागला, तर तू काय बोलशील? शेठनं पढवून आणला. बोलशील ना?"

"बोलेन."

"मग तूच जोड. लागला तर पोपट खोटा. मी त्याच्यासाठी शब्द नाही टाकणार, खुदा गवाह. नाही लागला तर का नाही लागला ते तूच शोध."

"पोलिसाला चालेल का? मी तिचा नवरा आहे."

"हवालदाराला विचारूनच आलो. तो बोलला, नवऱ्याइतकं बारीक दुसरा कोण बघणार?"

मी हो म्हणालो. शेठ गेले. हॉर्न कसा जोडायचा ते मला बराच वेळ आठवेना.

सकाळी हत्यारांची पिशवी आणि एक सुटी बॅटरी घेऊन खाणीवर गेलो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांना अडकवलेली, जशी ओढून आणली तशीच आवारात उभी होती. ट्रॅक्टरच्या नाकावर झेंडूचा हार वाळून काळा पडला होता. ट्रॉलीला मात्र दसऱ्याचा लाल रंग नवाकोरा होता. तो मुक्तानं दिलेला. आमच्या घरी दसऱ्याची पूजा नसते, आमचा त्या दिवशीचा सण वेगळा. पण खंडेनवमीला खाणीवर सगळ्या लोखंडाला रंग लागायचा, आणि ती म्हणायची, "पूजा तुमी करा, रंग मी देते." दुसऱ्या कुणाच्या हातचा रंग तिला पटायचा नाही. म्हणायची, बाकीचे लोक दिसतं तेवढंच रंगवतात. दवाखान्यात तिच्या नखांत लाल दिसलं ते मी रक्त समजलो होतो. नर्सनं पुसलं, तर ते निघेना.

उजव्या कोपऱ्याकडे मी बघितलं नाही. डाव्या बाजूचा दिवा शाबूत होता, तिकडं गेलो.

पोपट भिंतीच्या कडेला एका दगडावर बसला होता. तो इथलाच, पावणे गावचा. दाढी वाढली होती. मला बघून उठला.

"दादा."

मी पिशवी खाली ठेवली.

"स्विच चालू होता, दादा. माझ्या पोरांची शपथ."

"शपथ कोर्टात घे," मी म्हणालो.

हवालदार आणि शेठ दोघं उभे होते. हवालदार वयस्कर, घाटावरचा. "रावसाहेब तुम्हीच का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. हे नाव ऐकलं की नवा माणूस माझ्या कपड्यांकडे बघतो, तसं त्यानंही बघितलं. मुक्ता म्हणायची, नावाला रावसाहेब आणि अंगाला ग्रीस. "करा सुरू," हवालदार म्हणाला, "ऊन चढायच्या आत."

ट्रॉलीच्या केबलमध्ये चार तारा होत्या. एक मागच्या दिव्याची, एक ब्रेकची, दोन वळायच्या दिव्यांच्या. ट्रकच्या धक्क्यानं केबल प्लगपासून उपटली होती. तारांचे रंग उन्हानं उडाले होते, कुठली कुठं जाते ते कळत नव्हतं. म्हणून मी सुटी बॅटरी घेतली. तिची एक वायर ट्रॉलीच्या लोखंडाला चिमट्यानं लावली, दुसरी एकेका तारेला टेकवत गेलो. पहिली टेकवली, काही नाही. दुसरी टेकवली आणि डावा दिवा लागला.

"लागला की," हवालदार म्हणाला.

माझे कान गरम झाले. दिवा चांगला, बल्ब चांगला, ट्रॉलीची तार चांगली. मी वळून पोपटकडे बघितलं. तो लाल दिव्याकडे बघत होता, तोंड उघडं राहिलं होतं.

"आता काय बोलतोस?" शेठ त्याला म्हणाले.

"शेठ, मी स्विच..."

"अजून काही ठरलं नाही," मी म्हणालो. त्याची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. मला ते पक्कं करायचं होतं. "हे माझ्या बॅटरीवर लागलं. ट्रॅक्टरवरून लागू दे, मग लिहा."

चारही तारा ओळखून घेतल्या, सोलल्या, नव्या प्लगमध्ये कसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात माझे वाटले. प्लग ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटमध्ये दाबून बसवला. ट्रॅक्टरची बॅटरी शेठनी चार्ज करून ठेवली होती. मी स्वतः वर चढून स्विच दाबला. पुढचे दिवे लागले.

"मागं बघा," मी हवालदाराला म्हणालो.

"नाही लागला."

"नीट बघा."

"अहो, डोळे आहेत मला. नाही लागला."

मी उतरून बघितलं. दिवा काळा होता. प्लग काढला, घासला, परत बसवला. काही नाही. हवालदारानं घड्याळ बघितलं. शेठ त्याला म्हणाले, "साहेब, ऑफिसात चहा घेऊ. ह्याला वेळ लागणार." दोघं गेले. पोपट परत आपल्या दगडावर जाऊन बसला.

पोपटनंच काहीतरी गडबड केली असणार, असं मी धरून चाललो. करंट बघायचा टेस्ट लँप काढला. प्लगमध्ये करंट होता. बल्बच्या होल्डरपर्यंतही येत होता. मग दिवा का लागत नाही? टेस्ट लँपचं एक टोक करंटला लावून दुसरं ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकवलं, लागला. तेच टोक ट्रॉलीच्या लोखंडाला टेकवलं, विझला. पुन्हा ट्रॅक्टरला, पुन्हा ट्रॉलीला. तसंच.

अर्थिंग नव्हतं.

आमच्या भागात ट्रॉलीला पाचवी तार कुणी घालत नाही. करंट बॅटरीतून तारेनं दिव्यापर्यंत जातो, आणि परत यायची त्याची वाट लोखंडातून असते. ट्रॉली लोखंडाची, ट्रॅक्टर लोखंडाचा आणि दोघांना जोडणारी कडी आणि पिनही लोखंडाची. पाचव्या तारेचं काम तीच कडी करते. ती तुटल्याशिवाय अर्थिंग जात नाही, आणि तुटली तर ट्रॉलीच मागं राहील. म्हणून तिकडं कुणी बघतच नाही. मीही सगळ्यात शेवटी बघितलं.

खाली सरपटत गेलो. कडी, पिन, वरखालच्या पट्ट्या, सगळं लाल. रंग वाळून एकजीव झालेला. मी पिनवर स्क्रू ड्रायव्हर ओढला. खाली लोखंड चमकायला हवं होतं. चमकलं नाही. स्क्रू ड्रायव्हर मऊ कशात तरी रुतला. पुन्हा ओढला. लाल पापुद्रा निघाला आणि खालून काळं रबर दिसलं.

पिनभोवती टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. कडीच्या वर आणि खाली त्याच ट्यूबच्या चकत्या होत्या. लोखंड लोखंडाला कुठंच लागत नव्हतं. मी मनात म्हणालो, सापडला पोपट.

मग मला टाके दिसले.

ट्यूबचा तुकडा सुटू नये म्हणून त्याची दोन टोकं एकमेकांवर घेऊन दाभणानं शिवली होती. सुतळीचा टाका, एक पुढं आणि अर्धा मागं, सगळे एका मापाचे. शेवटी गाठ मारून टोक आत खुपसलेलं. माझ्या घरी अंथरायला आणि पांघरायला ज्या वाकळा आहेत त्यांच्यावर हाच टाका आहे. गेली कित्येक वर्षं मी याच टाक्यावर पाठ टेकतो.

मी तसाच पडून राहिलो. माझ्या तोंडावर रंगाचा चुरा पडला होता, तो पुसायचं सुचलं नाही. दसऱ्याच्या आधी ती दुकानात आली होती, ते आठवलं. शेजारच्या पंक्चरवाल्याची फाटकी ट्यूब माझ्या दारात पडली होती, ती उचलून म्हणाली, "ही नेते." मी मान वर न करता विचारलं, कशाला. म्हणाली, "टरालीला वाकळ शिवायची हाय." मला वाटलं, मस्करी करते. मी हसलोसुद्धा. आता त्या हसण्याचा आवाज मला तिथं ट्रॉलीखाली ऐकू आला.

तिनं स्वतःच्या हातानं तो दिवा विझवला होता. तिला माहीत नव्हतं. पण विझवला तिनंच.

किती वेळ गेला कळलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या उजव्या हातात चाकू आहे. तो मी पिशवीतून कधी काढला ते मला आजही आठवत नाही. टाके कापले, ट्यूब ओढून पिशवीत टाकली, पिनवर चाकूनं चार रेघा मारल्या की संपलं. हवालदार चहा पिऊन येईल, मी स्विच दाबेन, दिवा लागेल. पोपट आत जाईल. मुक्ताचं नाव कुठंही येणार नाही. मी चाकूचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं.

"दादा, बरा हायेस ना?"

पोपटचे पाय मला चाकाजवळ दिसत होते. तो वाकला. "हलत नाय तू, म्हनून आलो. भोवळ आली का? पानी देऊ?"

"हे कुणी बसवलं?" मी विचारलं.

त्यानं मान आत घालून बघितलं. "ती ट्यूब? वहिनीनी. कडी झिजली ना, उतारावर लय हिसके बसायचे. दुर्गाबाईची कंबर गेली होती. वहिनी बोलली, थांब, मी गादी करते. सुट्टीच्या आदल्या दिवशी पिन काढून घेतली माझ्याकडून, शिवली, मग रंग मारला. मी बोललो, वहिनी, आता ट्रॉली लग्नाच्या गाडीवानी चालंल. तर बोलली, तू आधी नीट चालव, मग गाडी नीट चालंल." तो किंचित हसला, मग त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. "का? काय झालं?"

"यानंच दिवा गेला."

"रबरानी? दिव्याची तार तर तिकडं हाय."

मी त्याला सांगितलं. दोनच वाक्यांत सांगितलं, आडवा पडूनच. तो ट्रॅक्टर चालवणारा माणूस, वायरिंग त्याला कळत नाही, पण हे कळलं. त्याचे गुडघे जमिनीला टेकले. तो ट्यूबकडे बघत होता, मग माझ्या हातातल्या चाकूकडे बघायला लागला. टाक्याखाली गेलेलं टोक त्याला दिसलं. मी काय करत होतो ते त्याला समजलं असणार. मला वाटलं, आता हा ओरडेल, हवालदाराला हाक मारेल. त्याच्या जागी मी मारली असती.

तो म्हणाला, "दादा, वहिनीचं नाव नको."

"काय?"

"कोर्टात नाव नको तिचं. पेपरात लिवून येतं. लोक काय काय बोलतील, आपल्याच हातानी मेली बोलतील. ट्यूब मीच लावली असं सांगू. ट्रॅक्टर माझ्या ताब्यात होता."

"तुला शिक्षा होईल."

"ती तशीबी व्हायचीच हाय."

"इतके दिवस शपथा घेत होतास."

"स्विचची घेतली. स्विच चालू होता." तो रडत नव्हता. नुसता खाली बघत होता. "पिन मीच काढून दिली ना तिला."

इतके दिवस मी या माणसाच्या तोंडावर थुंकायचं ठरवून बसलो होतो. मी चाकू टाक्याखालून काढला. घडी करून खिशात घातला. बाहेर आलो आणि चाकाला धरून उभा राहिलो.

हवालदार आणि शेठ येत होते.

"सापडलं का काही?" हवालदारानं विचारलं.

"सापडलं."

त्याला वाकवून दाखवलं. टेस्ट लँप लावून दाखवला, ट्रॅक्टरला लागतो आणि ट्रॉलीला लागत नाही. त्यानं दोनदा करून बघायला सांगितलं, मी दोनदा केलं. त्याला पटलं. शेठ कपाळाला हात लावून उभे होते.

"हे रबर बसवलं कुणी?" हवालदार म्हणाला. "ड्रायव्हरनं?"

"साहेब, मी..." पोपटनं सुरुवात केली.

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो.

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे त्या मयत बाई?"

"मुक्ताबाई. हो."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही होता का तिथं?"

"नव्हतो. टाका तिचा आहे. घरी या, दहा वाकळा दाखवतो. ट्यूब माझ्या दुकानासमोरून नेलेली. बाकीचं दुर्गाबाईला विचारा, तिच्या कंबरेसाठी बसवली होती."

"रावसाहेब," झहूर शेठ हळूच म्हणाले, "घाई नको करू. विचार कर. नाव लिहिलं की लिहिलं."

"लिहू द्या. नाही लिहिलं तर यालाच विचारणार, तू का बसवलीस."

हवालदारानं लिहून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे. आता हे काढा, आणि काढल्यावर दिवा लागतो का ते बघू. रबर मला जमा करावं लागेल. कापा."

मी पिन काढली. ट्यूब तिच्यावर घट्ट बसली होती. खिशातला चाकू काढला, पण मला तो टाका कापता येईना. शेवटची गाठ शोधली आणि नखानं उकलायला लागलो. रंगानं सुतळी दगडासारखी झाली होती. एक टाका निघायला वेळ लागत होता. पोपटनं खाली बसून पिन दोन्ही हातांनी धरून ठेवली. शेठ सावलीत जाऊन उभे राहिले. असा एकेक टाका उसवत मी शेवटपर्यंत गेलो. ट्यूब आणि चकत्या हवालदाराकडे दिल्या. सुतळी त्यानं मागितली नाही, ती माझ्या मुठीत राहिली.

पिन आणि कडी आतून घासली, लोखंड उघडं केलं, परत अडकवलं. आता कुणीतरी वर बसून स्विच दाबायचा होता. पोपट जागचा हलेना.

"जा, बस," मी म्हणालो. "मी मागं उभा राहतो."

तो चढला. मी ट्रॉलीच्या मागं गेलो. इथून उजवा कोपरा समोरच दिसत होता. यावेळी बघितला.

"दाबू?" पोपटनं वरून विचारलं.

"दाब."

डावा दिवा लागला. भर उन्हातही स्वच्छ दिसत होता, लाल.

"लागला का?" पोपट विचारत होता. त्याला पुढून दिसत नव्हतं. हवालदार बघत होता, मी सांगायचं म्हणून थांबला असेल. मी दिव्याच्या काचेला बोट लावून बघितलं.

"दादा, लागला का?"

"लागला," मी म्हणालो. "ब्रेकवर पाय ठेव, तोही बघून घेऊ."